माने मॅडमची पंगत

माने मॅडमना एका शब्दाचा भयंकर राग होता. 'नैसर्गिक'. हा शब्द कानावर पडला की त्या हातातला खडू खाली ठेवायच्या, चष्मा काढायच्या, आणि मग समोरच्याचं काही खरं नसायचं. आमच्या फार्मसी कॉलेजात एकदा प्राचार्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ व्याख्यानाला आले होते. झाडपाल्याची औषधं कशी निर्धोक, त्यांचा शरीराला कसा काडीचाही त्रास नाही, हे त्यांनी तासभर सांगितलं. आभार मानायचं काम मॅडमकडे होतं. त्यांनी रीतसर आभार मानले, गुलाबाचं फूल दिलं आणि म्हणाल्या, "आमच्या कुंपणाला धोतरा लागलाय. अगदी नैसर्गिक आहे, खतसुद्धा घातलेलं नाही. चहाबरोबर दोन बिया देऊ का?" पाहुणे चहा न घेताच गेले. प्राचार्य त्यानंतर आठवडाभर मॅडमशी बोलले नाहीत आणि मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही.

सांगली सोडून कुपवाडच्या बाजूला निघालं की आमचं कॉलेज लागतं. तिथे स्टाफरूममध्ये मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं काढली. मी रसायनशास्त्र शिकवते, मूळची सातारा शहरातली, आणि मला लोकांचं फार कौतुक करायची सवय नाही. पण माने मॅडम औषधशास्त्र शिकवायच्या तेव्हा मी कधी कधी हातातल्या वह्या तपासायचं सोडून त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिलेली आहे, हे कबूल करते. बाई कडेगावकडच्या, उसाच्या शेतात वाढलेल्या. धाकटा भाऊ फौजेत, आई गावी, आणि ह्या सांगलीत दोन खोल्यांत एकट्या. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, बसमध्ये छत्री राहून जावी तशा सुरात. पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्यांच्या शिकवण्याला मुलं 'पंगत' म्हणायची. वनस्पतींमधली अल्कलॉइड नावाची रसायनं आपल्या मज्जासंस्थेत जाऊन काय करतात, हा त्यांचा आवडता धडा. मज्जातंतूंच्या पेशींवर रिसेप्टर असतात. पुस्तकात ते कुलपासारखे काढलेले असतात आणि औषधं किल्ल्यांसारखी. मॅडमना ते कुलूप पसंत नव्हतं. त्यांच्या मते ती पंगत. रिसेप्टर म्हणजे मांडलेला पाट. ॲसिटिलकोलिन हे शरीराचं स्वतःचं रसायन, म्हणजे घरचा माणूस. येतो, बसतो, दोन घास खातो, उठतो. तो बसला की शरीराचं एकेक काम हलतं. त्याच्या पंगतीच्या दोन ओळी. एका ओळीत धोतऱ्यातलं ॲट्रोपिन येऊन पाट अडवून बसतं. स्वतः जेवत नाही आणि घरच्याला बसू देत नाही. म्हणून तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस भलतंच बरळायला लागतो. दुसऱ्या ओळीत तंबाखूतलं निकोटीन येतं. ते पोटभर जेवतं आणि लवकर उठत नाही.

"असा पाहुणा रोज यायला लागला तर यजमान काय करतो?" मॅडम विचारायच्या. वर्ग म्हणायचा, पाट वाढवतो. आणि एके दिवशी पाहुणा आलाच नाही तर? पाट रिकामे राहतात, वर्ग म्हणायचा. त्यावर मॅडम फळ्यावर रिकाम्या चौकोनांची एक लांबलचक रांग काढायच्या, पुसायच्या नाहीत, आणि म्हणायच्या की नुसते रिकामे राहत नाहीत, रिकामे पाट ओरडतात. पुढच्या तासाला मी वर्गात जायचे तर फळाभर पाट. मला माझी सूत्रं लिहायला जागा नाही. वैताग नुसता.

तोंडी परीक्षेत त्या एकच प्रश्न विचारायच्या, "पाटावर कोण बसलंय ते आधी सांग." बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाटायचं बाईंचं डोकं फिरलंय. आमच्या मुलांना मात्र ते बरोबर कळायचं. दुसरं त्यांचं आवडतं वाक्य झाडांबद्दल होतं. तंबाखूच्या झाडानं निकोटीन केलं ते किडीला पळवून लावायला, त्या सांगायच्या, आपण मध्येच कडमडलो. झाडाला आपलं काय पडलंय? हे त्या इतक्या आपुलकीनं सांगायच्या की झाडाची बाजू त्यांना मनापासून पटलेली असावी.

मला त्या चहावरून छळायच्या. चार वाजता माझा चहा चुकला की मी खेकसते, हे त्यांनी केव्हाच टिपून ठेवलं होतं. ॲडिनोसिन म्हणजे थकव्याचा निरोप घेऊन येणारा, कॅफीन त्याच्या पाटावर बसून राहतं, त्यामुळे दमलेल्या माणसाला आपण दमलोय हेच कळत नाही, हे त्या मला चहा पिताना समजावायच्या. मी म्हणायचे, मॅडम, तुम्ही बऱ्या, तुम्हाला कशाचंच व्यसन नाही. त्या हसायच्या, पण तोंड मिटून. सोळा वर्षांत मी त्यांचे दात कधी नीट पाहिले नाहीत हे मला फार उशिरा उमगलं.

कॉलेजच्या तंबाखूमुक्ती समितीच्या त्या अध्यक्ष होत्या, अर्थातच. दुसरं होणार कोण? दरवर्षी श्रमसंस्कार शिबिरात बायांसमोर त्यांचं भाषण ठरलेलं. एका वर्षी शिबिर मेढ्याच्या वरच्या अंगाला एका डोंगराळ गावात होतं. मुली शाळेच्या वर्गात झोपायच्या, आम्ही दोघी मुख्याध्यापकांच्या खोलीत. थंडी अशी की दात वाजत होते. सकाळी उजाडल्यावर मी पाणी तापलंय का बघायला शाळेच्या मागे गेले. तिथे एका दगडावर माने मॅडम उकिडव्या बसलेल्या. डाव्या तळहातावर काळी भुकटी, उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात. डोळे अर्धवट मिटलेले. आमच्या समितीच्या अध्यक्षा मिश्री लावत होत्या.

परगावच्या वाचकांसाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, की झाली मिश्री. आमच्याकडच्या गावांतल्या बाया सकाळी उठून ती बोटानं दातांना घासतात, अर्धा अर्धा तास. दात घासायची रीत म्हणून. दात निघतात की राहतात ते देव जाणे, पण डोकं कसं लख्ख होतं.

मला बघून मॅडम दचकल्या नाहीत. त्यांनी सावकाश चूळ भरली, तोंड पुसलं आणि खास त्यांच्या गावच्या भाषेत म्हणाल्या, "बघितलंस न्हवं? आता बस हितं." मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांच्या असताना दाढ दुखत होती म्हणून आईनं पहिल्यांदा लावली. तेव्हापासून रोज पहाटे आई आणि त्या, अंगणातल्या कट्ट्यावर शेजारी शेजारी. एरवी आईला बोलायला सवड नसायची. धारा, भाकरी, शेत. मिश्रीच्या त्या अर्ध्या तासात मात्र आई बोलायची, अगदी जीव मोकळा करून. शिकायला सांगलीला जायचं, हेसुद्धा मॅडमनी आईला तेव्हाच विचारलं होतं आणि आईनं थुंकून झाल्यावर जा म्हटलं होतं. मी म्हटलं, मॅडम, पण तुम्हाला सगळं ठाऊक असताना? त्या म्हणाल्या, ठाऊक असणारं डोकं वेगळ्या पंगतीला बसतं.

खरा कहर पुढेच झाला. दहा वाजता त्याच मॅडम समाजमंदिरात बायांसमोर उभ्या राहिल्या आणि सुरेख बोलल्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी तंबाखूला कधीही शिवत नाही, असं कोण कोण आहे? झाडून सगळ्या बायांनी हात वर केले. सगळ्यांचे दात काळे. एकही बाई खोटं बोलत नव्हती हो. तंबाखू पुरुषांची, पुडीतली. मिश्री म्हणजे दात घासणं, त्याला कोण व्यसन म्हणतंय? मी मॅडमकडे पाहिलं. आत्ता बोलतील, ह्या क्षणी बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी क्षणभर बायांचे हात पाहिले, ओठ आवळून हसल्या, म्हणाल्या, "छान." आणि खाली बसल्या. मला इतका संताप आला की परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसले. पण मी कुणाला काही सांगितलं नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांची आई गावी गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढे. भाऊ सीमेवर, त्याला रजा मिळेना, तेव्हा मॅडमनी आईला सांगलीला आणून एका दवाखान्यात ठेवलं. भरतीचा कागद त्यांनीच भरला. त्यात व्यसन असा एक रकाना होता. त्यांनी तिथे झोकात 'नाही' लिहिलं. कॉलेजात डोळ्यांत तेल घालून मुलांचे पेपर तपासणारी ही बाई, आईच्या कागदावर गावाकडच्या कुठल्याही लेकीनं लिहिलं असतं तेच लिहून मोकळी झाली.

ऑपरेशन चांगलं झालं. म्हातारीनं शुद्धीवर येऊन शिरा मागितला. पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिचं काहीतरी बिनसलं. अंथरुणात ठरेना, चादर ओढायची, सलाईनची नळी उपटायची, घाम, हातापायांना कंप, आणि तोंडानं सारखं, "वासरू सोडा गं, वासरू सोडा." डॉक्टर तरुण होते, मन लावून बघत होते. रक्त तपासलं, लघवी तपासली, क्षार पाहिले. म्हातारपणी ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, म्हणाले, आणि ते खरंच आहे. झोपेचं इंजेक्शन दिलं. ते उतरलं की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नळी वाचवायला म्हणून तिचे दोन्ही हात कापडी पट्टीनं खाटेला बांधावे लागले.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर मॅडम आईच्या उशाशी बसलेल्या. म्हातारीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि अगदी अदबीनं म्हणाली, "आवं नर्सबाई, माजी इंदी शाळंतनं आली का बघा की. लय येळ झाला तिला." मॅडमचं नाव इंदुमती. त्यांनी आईचा हात धरला, मी इंदीच आहे म्हणून सांगितलं. म्हातारीनं हात सोडवून घेतला. परक्या बाईनं अंगाला हात लावलेला तिला आवडला नव्हता.

मॅडम बाहेर व्हरांड्यात आल्या आणि भिंतीला टेकून रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ती मेली तर मी सहन करीन गं. ह्या वयाला काय इलाज. पण मला न ओळखता नको जायला." मी डबा उघडला, त्यांनी तो मिटला, आणि "आले जरा" म्हणून जिन्याखाली निघून गेल्या. पाच-सात मिनिटांनी तोंड धुऊन परत आल्या. आता जरा ताज्यातवान्या दिसत होत्या. हे सकाळपासून तिसऱ्यांदा होतं. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाई.

आम्ही आत आलो तेव्हा सिस्टर म्हातारीला स्पंजिंग करत होत्या, म्हणून हात तेवढ्यापुरते सोडले होते. म्हातारीनं डावा तळहात छातीवर उताणा धरला. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावर टेकवलं, जरासं फिरवलं, आणि तोंडात घातलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पुन्हा तळहात, पुन्हा तोंड. सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस हेच चाललंय, बोट चावेल म्हणून आम्हाला भीती. मॅडम जागच्या जागी थबकल्या. मला त्यांचा चेहरा दिसत होता. फळ्यावर त्यांनी काढलेली ती रिकाम्या चौकोनांची रांग मी इतक्या वेळा चिडून पुसली होती, तरी मलाही तेव्हाच उमजलं.

आता सांगायचं म्हणजे आधी त्या कागदावरचं आपलं अक्षर खोडायचं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांच्याबरोबर आमच्याच कॉलेजच्या दोन मुली होत्या, शेवटच्या वर्षाच्या, दवाखान्यात प्रशिक्षणाला आलेल्या. दोघी तंबाखूमुक्ती समितीत होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या की आई मिश्री लावते, सत्तर वर्षं, दिवसातनं चार-पाच वेळा, आणि भरतीच्या दिवसापासून तिला ती मिळालेली नाही. निकोटीन तुटल्यामुळे हे होत असणार.

डॉक्टर सौम्यपणे हसले. त्यांची आजी पण लावायची म्हणे. दात घासण्यापुरतीच असते ती, त्यानं एवढं कुठं होतं? म्हणजे मेढ्याच्या बाया आणि हे एमएस झालेले डॉक्टर एकाच मताचे. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता धोतऱ्याच्या बिया निघणार. पण त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"डॉक्टर, मी स्वतः लावते. नऊ वर्षांची असल्यापासून. आज सकाळपासून तीनदा जिन्याखाली जाऊन आलेय. दोन तास गेले की मला मुलांचे चेहरे सहन होत नाहीत, सहा तासांत हात कापतात. तिला तीन दिवस झालेत. तिचे सगळे पाट रिकामे आहेत हो."

पाट म्हणजे काय ते डॉक्टरांना कळलं नाही. त्या दोन मुलींना कळलं. एकीनं मान खाली घातली, दुसरी मात्र हळूच म्हणाली की सर, निकोटीनची पट्टी मिळते, दंडाला चिकटवायची, मी मेडिकलमधून बघून येते. मॅडमनी त्या मुलीला तोंडीमध्ये जेमतेम पास केलं होतं.

डॉक्टर समजूतदार निघाले. हेच एक कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण करून बघू, म्हणाले. नाडी आणि रक्तदाब बघून लहान मात्रेची पट्टी लावली, झोपेचं इंजेक्शन थांबवलं, हात मोकळे ठेवून शेजारी माणूस बसवायला सांगितलं. माणूस म्हणजे मॅडमच. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी चार तास शांत झोपली. दुपारी मी गेले तर ती उशीला टेकून बसलेली, आणि मॅडमना सांगत होती, "इंदे, किती वाळलीस गं. डोळं खोल गेलं. खातीस का न्हाईस?" मॅडम व्हय आये, खाते, खाते, एवढंच म्हणत होत्या आणि पदरानं नाक पुसत होत्या.

इथे थांबलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण पुढच्या राउंडला डॉक्टरांनी कागद हातात घेऊन, आजीला ऐकू कमी येतं म्हणून वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजी, तंबाखूचं व्यसन किती वर्षांचं?"

म्हातारीला वाटलं दुसऱ्या खाटेवरच्या माणसाला विचारतायत. मग कळलं. "कुनी सांगितलं?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी भोळेपणानं मॅडमकडे पाहिलं. म्हातारीनंही पाहिलं. "माज्या मालकानं जल्मात तंबाखूला हात लावला न्हाई. आन मला यसनी म्हनतीस, इंदे? चार मानसांत?" एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ती लेकीशी एक अक्षर बोलली नाही.

मला वाटलं मॅडम आता कोलमडतील. त्या व्हरांड्यात आल्या आणि चक्क हसत होत्या. "ओळखलं न्हवं तिनं? माझ्यावर रागावली म्हणजे ओळखलं." मी म्हटलं, मॅडम, हा जरा महागात पडलेला पुरावा आहे. त्या म्हणाल्या, चालतंय.

कॉलेजात बातमी आमच्या आधी पोचली होती. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं, मलाही साक्षीला. संस्थेची प्रतिमा, विद्यार्थ्यांपुढचा आदर्श वगैरे बोलू लागले. गालात सुपारी होती, त्यामुळे आदर्श नीट ऐकू येत नव्हता. मॅडमनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की समिती सोडते, पण सुपारीत अरेकोलीन असतं, ते त्याच पंगतीत, धोतऱ्याच्या ओळीत बसतं, तेव्हा पुढचा अध्यक्ष निवडताना सरांनी स्वतःचं नाव घेऊ नये. प्राचार्यांनी राजीनामा परत केला. समितीचे अहवाल दुसरं कुणी लिहिणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि मग मॅडमनी मिश्री सोडली. त्या काळाबद्दल मी फार बोलत नाही. दंडाला पट्टी, तोंडात वेलदोडा, आणि जिभेवर आग. पहिल्या महिन्यात त्यांनी अर्धा वर्ग नापास केला, शिपायाला रडवलं, आणि माझा चहाचा कप एकदा खिडकीतून बाहेर ठेवला. "माझे पाट ओरडतायत आणि तू समोर जेवतेस," म्हणाल्या. दोनदा पुन्हा सुरू केली, दोनदा सोडली. तिसऱ्यांदा सुटली. त्या वर्षी शिबिरात त्यांनी तंबाखूला न शिवणाऱ्या बायांचे हात वर करवले, आपला हात खालीच ठेवला आणि स्वतःचं सगळं सांगितलं, आईचं नाव न घेता. बाया तासभर उठल्या नाहीत. भाषण संपल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, पट्टी कुठं मिळते?

आई मात्र बोलेना. गावी घरी गेली, काठी घेऊन चालायला लागली, पूर्ववत मिश्री लावायला लागली. मॅडम दर शनिवारी जायच्या. म्हातारी त्यांना वाढायची, पण बोलायची भिंतीशी नाहीतर म्हशीशी. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याच्यामार्फत निरोप चालायचे. मॅडम निवृत्त झाल्या आणि कायमच्या गावी राहायला गेल्या, तरी तेच.

गेल्या हिवाळ्यात मी एक दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. सकाळी अंगणात ऊन आलं होतं. म्हातारी कट्ट्यावर बसून मिश्री लावत होती. मॅडम घरात, खिडकीपासून लांब, भाजी निवडत होत्या. वासानं अजून जीव जातो, म्हणाल्या, म्हणून ह्या वेळेला मी बाहेर जात नाही. मी म्हटलं, एवढं सगळं कळल्यावर आई एकदा तरी समजून घेईल. त्या म्हणाल्या, तिला बोलायला हीच वेळ माहीत आहे गं, आणि मी ह्याच वेळेला आत बसते. मग कोण कुणाशी बोलणार?

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "इंदे."

मॅडमच्या हातातली मेथी तशीच राहिली. दीड वर्षांत आईची हाक त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्या बाहेर गेल्या. म्हातारीनं त्यांच्याकडे न बघता डबी पुढे केली. "घे. उगा आत बसतीस ती."

मला ओरडावंसं वाटलं, मॅडम, नका. मला दोघींची बाजू कळत होती आणि काही करता येत नव्हतं. मॅडमनी डावा तळहात पुढे केला. म्हातारीनं चिमूटभर भुकटी त्यावर ठेवली. मॅडम कट्ट्यावर बसल्या, आईला खेटून. आणि तळहात मिटला.

म्हातारी बोलायला लागली. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा ऊस वाळला, फौजेतल्या मुलाचं गुडघ्याचं दुखणं. दीड वर्षाचं साठलेलं. मॅडम व्हय म्हणत होत्या, न्हाई म्हणत होत्या, मध्येच हसत होत्या. बोट एकदाही तोंडाकडे गेलं नाही. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला सुईत दोरा ओवता येतो. तिला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तिचं उसाचं नि सुनांचं बोलणं मात्र चालूच राहिलं.

दहाच्या बसला मॅडम मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. मूठ तशीच मिटलेली. मी म्हटलं, आता तरी टाका ती. त्यांनी मूठ उघडून बघितली. घामानं भिजून भुकटीचा काळा लगदा झाला होता, तळहाताच्या रेघारेघांत बसलेला. घराकडे पाहून म्हणाल्या, "नको. आई कट्ट्यावरनं बघतीय." मग मला, वर्गात सांगायच्या तशा सुरात, "ओल्या कातडीतनं थोडं निकोटीन आत जातंच. तेवढं आईचं."

बस आली. मी खिडकीशी बसले. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून उजव्या हातानं मला निरोप देत होत्या. डावी मूठ पदराखाली होती.